आवडीच्या कामातून व्यवसाय निवडताना: कोणती पायरी केव्हा चढावी

आवडीचे काम हाच व्यवसाय करायचा, असे ठरवणाऱ्यांची फसगत होते ती बहुधा आवड खोटी असल्यामुळे नव्हे, तर पायऱ्यांचा क्रम उलटा लागल्यामुळे. आधी निर्णय जाहीर होतो, मग राजीनामा दिला जातो किंवा अभ्यासक्रमाचे शुल्क भरले जाते, आणि ते काम रोजच्या रोज करताना प्रत्यक्षात कसे असते याची चौकशी सर्वांत शेवटी, म्हणजे माघार घेणे महाग झाल्यावर सुरू होते. पुढे दिलेला क्रम याच्या नेमका उलट आहे. त्याला साधारण चार ते सहा महिने लागतात, आणि शिक्षणाची शाखा निवडणाऱ्याला जसा तो उपयोगी आहे तसाच दहा वर्षे नोकरी करून दिशा बदलू पाहणाऱ्यालाही आहे. जिथे दोघांची वाट वेगळी होते तिथे तसे सांगितले आहे.

## पूर्वतयारी: आवडीआधी अटी

पहिल्या कामाचा आवडीशी काही संबंध नाही, आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. एक वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर आपल्या अटी लिहाव्यात. दरमहा घरात किती रक्कम यावीच लागते, कोणाची देखभाल आपल्यावर आहे, कर्जाचे हप्ते आणखी किती काळ चालणार आहेत, दुसरीकडे राहायला जाणे शक्य आहे का, रात्रपाळी किंवा तासन्‌तास उभे राहणे प्रकृतीला मानवेल का, या प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात पुरेशी आहेत.

मग या अटींपुढे खुणा कराव्यात. पुढील तीन वर्षांत ज्या बदलण्यासारख्या नाहीत त्यांना एक खूण, आणि ज्या केवळ सवयीमुळे किंवा संकोचामुळे अटींसारख्या भासतात त्यांना दुसरी. आजारी वडिलांची जबाबदारी पहिल्या प्रकारात मोडते. ‘इतकी वर्षे या क्षेत्रात घालवली, आता कसे सोडू’ हा विचार दुसऱ्या प्रकारात मोडतो, कारण गेलेली वर्षे काम बदलले तरी आणि न बदलले तरी परत येत नाहीत.

हे पान आधीच लिहायला हवे, कारण एकदा एखाद्या कामाची ओढ लागली की अटी लिहिणारा हात त्या कामाच्या बाजूने झुकतो आणि घरखर्चाचा आकडा नकळत लहान होतो.

सावधान: सहावा टप्पा पूर्ण होईपर्यंत चार गोष्टी करू नयेत: राजीनामा, दीर्घ अभ्यासक्रमाचे शुल्क, महागड्या साधनांची खरेदी आणि निर्णयाची जाहीर वाच्यता. चौथी गोष्ट निरुपद्रवी वाटते, पण चारचौघांत बोललेला शब्द मागे घेताना अभिमान आडवा येतो, आणि केवळ त्यापायी माणसे न जमणाऱ्या कामात वर्षानुवर्षे अडकून पडतात.

## टप्पा १: तीन आठवड्यांची नोंद

‘मला काय आवडते?’ असा थेट प्रश्न स्वतःला विचारला, तर उत्तर स्मरणातून येते. आणि स्मरणात राहतात ते उत्कट क्षण आणि शेवट. मधला कंटाळा, ताटकळणे, तेच ते पुन्हा करणे हे गळून जाते. म्हणून विचारण्याऐवजी नोंदवावे. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचे प्रसंगवार तुकडे पाडायला लावून प्रत्येक तुकड्यात कसे वाटले ते लिहून घेतले होते. तीच रीत येथे घरगुती स्वरूपात वापरता येते.

रोज झोपण्यापूर्वी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटे द्यावीत. दिवसातील ठळक तुकडे घ्यावेत आणि प्रत्येकाबद्दल चार गोष्टी लिहाव्यात: नेमके काय केले, किती वेळ केले, ते कोणाच्या सांगण्यावरून सुरू झाले, आणि संपल्यावर कसे वाटले. नमुन्यादाखल दोन नोंदी:

*मंगळवार, सायंकाळी ७ ते ८.४०. स्मरणिकेसाठी आलेल्या दोन लेखांतील पुनरुक्ती काढली, परिच्छेदांचा क्रम बदलला. कोणी सांगितले नव्हते. घड्याळ पाहिले नाही. डोळे थकले, पण तिसरा लेखही आजच घ्यावा असे वाटत होते.*

*बुधवार, दुपारी ३ ते ३.२५. त्याच स्मरणिकेच्या जाहिरातदारांना फोन. सकाळपासून तीनदा पुढे ढकलले. शेवटी केले. नंतर अर्धा तास दुसरे काही सुचले नाही.*

दोन्ही नोंदी एकाच उपक्रमातल्या आहेत. ‘स्मरणिकेचे काम आवडते का?’ असे विचारले असते तर उत्तर ‘हो’ असेच आले असते, आणि त्या होकारातून पुढे काहीही ठरवता आले नसते.

विद्यार्थ्यांनी या नोंदीत विषयांची नावे लिहू नयेत. ‘भौतिकशास्त्र केले’ या नोंदीला अर्थ नाही. गणित सोडवले, प्रयोगाची मांडणी केली, मित्राला समजावून सांगितले, की नुसते पाठ केले, हे लिहावे. शिक्षक आवडतो म्हणून विषय आवडतो, असे या वयात सर्रास घडते, आणि शिक्षक पुढच्या वर्षी बदलतो.

तपासणी: तीन आठवड्यांनंतर वहीत निदान चाळीस नोंदी असाव्यात, आणि त्यांत नावडत्या कामांच्या नोंदीही असाव्यात. सगळ्याच नोंदी गोड असतील तर आपण निवडून लिहीत होतो, असे समजून आणखी एक आठवडा घ्यावा.

## टप्पा २: विषय बाजूला, क्रिया पुढे

आता सगळ्या नोंदी एका बैठकीत वाचाव्यात आणि जिथे वेळेचे भान राहिले नाही, किंवा थकूनही पुन्हा करावेसे वाटले, तिथे खूण करावी. खूण केलेल्या प्रत्येक नोंदीतून तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात: विषय कोणता होता, हाताने किंवा डोक्याने केलेली क्रिया कोणती होती, आणि भोवतालची परिस्थिती कशी होती; म्हणजे एकट्याने की चौघांत, घाईत की सावकाश, काम पूर्ण झालेले दिसत होते की नव्हते.

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, म्हणून एक उदाहरण जरा जवळून पाहू. वाचनाची विलक्षण आवड असलेली एक व्यक्ती ‘मला पुस्तकांच्या जगात काम करायचे आहे’ असे म्हणते. पण पुस्तकांच्या जगात निदान सहा निरनिराळी कामे आहेत आणि त्यांतल्या क्रियांचे एकमेकींशी फारसे नाते नाही. संपादक दुसऱ्याच्या लेखनातील दोष हेरतो आणि लेखकाला न दुखावता ते पटवून देतो. मुद्रितशोधक आशयात न गुंतता अक्षराअक्षरावरून डोळा फिरवतो, आणि आशयात रमणाऱ्याला हे काम कमालीचे जड जाते. ग्रंथपाल वर्गीकरण करतो, नोंदी ठेवतो आणि दिवसातून अनेकदा अनोळखी माणसांच्या अर्धवट प्रश्नांचा अर्थ लावतो. अनुवादक एकाच वाक्यापाशी दीर्घकाळ थांबू शकतो. विक्रेता माणूस ओळखतो, साठा मोजतो, उधारी वसूल करतो. शिक्षक तेच पान दरवर्षी नव्या उत्साहाने उघडतो. निव्वळ वाचत बसण्याचा मोबदला या सहांपैकी कोणालाच मिळत नाही. तेव्हा त्या व्यक्तीच्या वहीत ‘क्रम बदलला, पुनरुक्ती काढली’ असे वारंवार येत असेल, तर तिची वाट संपादनाकडे जाते. आणि ‘मैत्रिणीला तिच्या स्वभावाला साजेसे पुस्तक सुचवले’ असे येत असेल, तर ती ग्रंथालयाकडे किंवा विक्रीकडे जाते.

टप्प्याच्या शेवटी दोन-तीन वाक्ये तयार व्हावीत, आणि त्यांचा साचा असा असावा: ‘मला अमुक परिस्थितीत अमुक क्रिया करणे आवडते, आणि संपल्यावर अमुक हाती लागलेले दिसले की समाधान मिळते.’ या वाक्यांत एकाही हुद्द्याचे नाव येऊ नये.

सावधान: क्रियेऐवजी प्रतिमेवर प्रेम असणे हा या टप्प्यावर उघड होणारा दोष आहे. एखाद्याला व्यासपीठावरून गाणे आवडते पण रियाज नको असतो. एखाद्याला शास्त्रज्ञ म्हणवून घेणे आवडते पण तेच मोजमाप पुन्हा पुन्हा घेण्याचा वीट येतो. वहीत त्या क्रियेची स्वेच्छेने केलेली एकही नोंद नसेल, तर आवड आहे ती प्रतिमेची, असे मानून पुढे जावे. दुरून डोंगर साजरे असतात ते याच अर्थाने.

येथे काही वाचक म्हणतील की वहीत तशी ठळक आवड कुठेच दिसत नाही. त्यांनी निराश होऊ नये आणि पूर्वी न केलेल्या कामांच्या चार-सहा नव्या नोंदी मिळवाव्यात. आवड घडवता येते. पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात, आवड ही तयारच असते आणि ती फक्त शोधायची असते असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांचे कुतूहल, विषय अवघड होताच, इतरांपेक्षा अधिक वेगाने ओसरलेले आढळले. पहिल्या अडचणीला ‘हे माझे क्षेत्र नव्हे’ असा निकाल देणे टाळावे, इतका बोध आपल्या कामापुरता पुरेसा आहे.

## टप्पा ३: क्रियांवरून कामांची यादी

आता वरील वाक्ये समोर ठेवून, त्या क्रिया ज्यांत दिवसाचा मोठा भाग व्यापतात अशा आठ-दहा कामांची यादी करावी. परिचितांकडून मिळणारी नावे पाच-सहांपलीकडे जात नाहीत, कारण प्रत्येकाला स्वतःच्या ओळखीतले व्यवसायच ठाऊक असतात. यासाठी अमेरिकेच्या श्रम खात्याच्या पाठबळाने चालणारे ‘ओनेट’ हे विनामूल्य संकेतस्थळ उपयोगी आहे. तिथे शेकडो व्यवसायांतील प्रत्यक्ष कामांचे वर्णन दिलेले आहे. पगाराचे आणि मागणीचे तिथले आकडे त्या देशापुरते आहेत, तेव्हा ते सोडून फक्त कामाचे वर्णन वाचावे. दुसरा मार्ग नोकरीच्या जाहिरातींचा. जाहिरातीतील हुद्दा आणि विशेषणे गाळून केवळ क्रियापदांखाली रेघ ओढत गेले, तर काम बरेचसे उघडे पडते.

कल चाचण्यांबद्दल दोन शब्द. त्यांतील पुष्कळ चाचण्या जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून मांडलेल्या विभागणीवर आधारलेल्या आहेत: हातांनी व अवजारांनी काम करणे, शोध घेणे, कलानिर्मिती, माणसांना मदत, पुढाकार घेऊन पटवणे आणि नोंदी-हिशेबांची शिस्त, असे सहा कल. यादीत न सुचलेली नावे भरण्यासाठी अशा चाचण्या उत्तम आहेत. त्यांच्यावर निर्णय सोपवू नये. चाचणीत आपण स्वतःबद्दल जे समजतो तेच लिहितो, आणि ती समजूत तपासण्यासाठीच तर वही ठेवली होती.

तपासणी: यादीतील प्रत्येक कामाच्या प्रवेशाच्या अटी याच टप्प्यावर पाहाव्यात. वयोमर्यादा, ठराविक पदवी, परवाना, शारीरिक निकष यांपैकी काही आड येत असेल तर ते आत्ताच कळलेले बरे. व्यावसायिक वैमानिकाला पहिल्या दर्जाची वैद्यकीय पात्रता लागते आणि तीत रंगदृष्टीही तपासली जाते. तरीही प्रशिक्षणाचे पैसे आधी भरून तपासणीला नंतर जाणारे उमेदवार असतात. या चाळणीनंतर आणि पहिल्या पानावरील अटी लावल्यानंतर यादीत तीनच कामे ठेवावीत.

## टप्पा ४: काम करणाऱ्यांना काय विचारावे

तीनही कामांसाठी प्रत्येकी तीन माणसे गाठावीत, आणि ती निवडून गाठावीत: एक जण त्या कामात दोन-तीन वर्षे असलेला, एक जण पंधराहून अधिक वर्षे मुरलेला, आणि एक जण ते काम सोडून गेलेला. यशस्वी आणि नामवंत माणसाकडेच जाण्याची ओढ असते, पण त्याच्या दिवसाचे चित्र नवख्याच्या दिवसाशी जुळत नाही. शिवाय जे टिकले नाहीत त्यांच्याकडून जे कळते ते टिकलेल्यांना सांगता येत नाही. सोडून गेलेला माणूस शोधणे कठीण जाते. पहिल्या दोघांनाच ‘तुमच्याबरोबर सुरुवात करून दुसरीकडे गेलेले कोणी आहे का?’ असे विचारले की तो बहुधा सापडतो.

भेट वीस-पंचवीस मिनिटांची मागावी आणि ती तेवढ्यातच संपवावी. ‘हे क्षेत्र कसे आहे?’ किंवा ‘मला जमेल का?’ असे प्रश्न विचारू नयेत, कारण पहिल्याला ठोकळेबाज उत्तर मिळते आणि दुसऱ्याला सौजन्याचे. त्याऐवजी असे विचारावे:

- काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केलेत?
- ज्या भागासाठी तुम्ही या कामात आलात, तो आठवड्यातून किती तास वाट्याला येतो?
- कोणता भाग तुम्ही पुढे ढकलता?
- पहिली दोन वर्षे मिळकत कशी होती, आणि ती वेळेवर हाती येत होती का?
- नवा माणूस बहुधा कशाला कंटाळून सोडतो?

दुसरा प्रश्न सर्वांत बोलका ठरतो. लग्नसमारंभांची छायाचित्रे घेणाऱ्याला विचारावे. प्रत्यक्ष कॅमेरा हातात असण्यापेक्षा निवड, रंगदुरुस्ती, ग्राहकांशी बोलणी आणि थकबाकीचा पाठपुरावा यांत त्याचा वेळ किती जातो ते तो सांगेल. हे ऐकून मन खट्टू होत नसेल, उलट निवड आणि रंगदुरुस्तीच्या उल्लेखाने कान टवकारले जात असतील, तर ती जमेची बाजू आहे.

सावधान: जो फक्त गोडवे गातो किंवा फक्त नकारच देतो, त्याच्या मताला महत्त्व न देता त्याने सांगितलेल्या कालच्या दिवसाला महत्त्व द्यावे.

## टप्पा ५: सर्वांत रुक्ष भाग आधी करून पाहणे

प्रयोग करताना माणूस साहजिकच कामाच्या गोड भागापासून सुरुवात करतो. तसे करू नये, कारण गोड भाग आपल्याला आवडतो हे वहीतून आधीच कळले आहे. चौथ्या टप्प्यात ज्या भागाबद्दल लोक ‘तेवढे मात्र करावे लागते’ असे म्हणाले, तोच भाग दोन आठवडे, रोज तासभर करून पाहावा. संगणकीय खेळ तयार करण्याची इच्छा असणाऱ्याने दुसऱ्याच्या आज्ञावलीतील चुका शोधाव्यात. लेखन करू इच्छिणाऱ्याने जुन्याच मजकुराचे तीन खर्डे करावेत. समुपदेशनाकडे वळू पाहणाऱ्याने प्रत्येक संभाषणानंतर सविस्तर टिपण लिहावे. ज्या व्यवसायांत पदवीशिवाय प्रवेशच नाही, उदाहरणार्थ वैद्यक किंवा वकिली, तिथे पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातील सर्वांत कोरडे समजले जाणारे पुस्तक मिळवून त्याची पहिली काही प्रकरणे नेटाने वाचावीत आणि स्वाध्याय सोडवावेत.

हा भाग आवडायला हवा, अशी अपेक्षा नाही. तो कुरकुर न करता, रोज, बऱ्या दर्जाने होतो का, एवढेच पाहायचे आहे. प्रत्येक व्यवसायात असा भाग असतो. ज्याचा रुक्ष भाग आपल्याला सोसवतो तो व्यवसाय आपल्यासाठी योग्य, असे मानायला हरकत नाही. माझ्या मते निवडीची ही कसोटी आवडीच्या कसोटीपेक्षा अधिक खात्रीची आहे.

तपासणी: दोन आठवड्यांत चारपेक्षा अधिक दिवस चुकले असतील तर कारणे लिहावीत. खरी अडचण असेल तर पुन्हा दोन आठवडे द्यावेत. कारणे दरवेळी निराळी आणि क्षुल्लक असतील, तर यादीतील दुसरे काम घ्यावे.

## टप्पा ६: दुसऱ्याची मुदत, दुसऱ्याचा पैसा

स्वतःसाठी केलेले काम आणि मोबदला घेऊन केलेले काम यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर कल्पनेने मोजता येत नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या १९७३ सालच्या प्रयोगात, स्केचपेनने चित्रे काढण्याची मुळातच हौस असलेल्या बालवर्गातील काही मुलांना, चित्रे काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगण्यात आले. ते मिळाल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी, मोकळ्या वेळेत त्यांनी चित्रे काढण्यात घालवलेला वेळ इतर मुलांच्या जवळपास निम्मा होता. ज्यांना प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे दिले त्यांची हौस अशी घटली नाही. प्रौढ माणसाचा व्यवसाय म्हणजे बालवर्ग नव्हे, हे खरे. पण हौसेला अट आणि बक्षीस चिकटले की हौसेचे काय होते, ते स्वतःपुरते तपासून पाहावे, एवढे या प्रयोगावरून निश्चित म्हणता येते.

यासाठी नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवून तीन लहान कामे मोबदला घेऊन करावीत. ती तीन निरनिराळ्या, शक्यतो अनोळखी ग्राहकांची असावीत. नातलग आणि मित्र पैसेही सैल हाताने देतात आणि टीकाही सैल हाताने करतात. प्रत्येक कामाची व्याप्ती, मुदत, मोबदला आणि किती वेळा बदल करून दिले जातील हे आरंभीच लिहून घ्यावे.

शेवटच्या अटीचे महत्त्व अनुभवानेच कळते. बोधचिन्ह तयार करून दिले की ग्राहक म्हणतो, अक्षरे जरा मोठी करा. ती केली की म्हणतो, रंग भडक झाला. रंग उतरवला की घरातल्या कोणाला तरी दाखवून येतो आणि म्हणतो, पहिलेच बरे होते. या तिसऱ्या निरोपानंतर आपण काय करतो, ते बारकाईने पाहावे. चिडणे स्वाभाविक आहे. चिडून झाल्यावर ‘याला नेमके काय हवे आहे?’ असे कुतूहल वाटते, की तो विषयच डोळ्यांसमोर नको होतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

जिथे असे सुटे काम मिळणे शक्य नाही, तिथे उमेदवारी, सहायकाचे काम, सुट्टीतील प्रशिक्षण किंवा अनुभवी माणसाबरोबर काही दिवस राहणे, यांपैकी जे जमेल ते करावे. अट एकच: कामाचा दर्जा ठरवणारा माणूस आपण स्वतः नसावा.

तपासणी: तिन्ही कामे संपल्यावर पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत. त्याच दराने चौथे काम घेऊ का? अंदाज केलेले तास आणि लागलेले तास यांत किती फरक पडला? एखादा ग्राहक परत आला का, किंवा त्याने दुसऱ्याला पाठवले का? आणि त्या महिन्यात, कोणी न सांगता, केवळ स्वतःसाठी ते काम आपण एकदा तरी केले का? पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर व्यवसाय होण्याने आवड संपण्याचा धोका मोठा आहे. फक्त तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आवड आहे पण कसब कमी पडते आहे, आणि त्यावर शिक्षण हा उपाय आहे. अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याची योग्य वेळ ही.

## टप्पा ७: जमाखर्च

पहिल्या पानावरील घरखर्चाचा आकडा आता बाहेर काढावा. येथे सर्वाधिक होणारी चूक म्हणजे शिल्लक रकमेला मासिक खर्चाने भागून ‘माझ्याकडे नऊ महिने आहेत’ असे म्हणणे. मासिक खर्च १०० धरला आणि शिल्लक ९०० असली, तरी हिशेब असा होतो: प्रशिक्षणाचा खर्च १५० गेला की उरले ७५०. प्रशिक्षणाच्या चार महिन्यांत ४०० गेले की उरले ३५०. पहिले काम मिळून त्याचे पैसे हाती येईपर्यंत दोन महिने गेले की उरले १५०. म्हणजे मिळकत शून्यावरून १०० वर नेण्यासाठी हातात दीड महिना आहे. नऊ महिन्यांच्या भरवशावर बाहेर पडलेला माणूस सहाव्या महिन्यानंतर मिळेल ते काम मिळेल त्या दराने घेऊ लागतो, आणि मग आवडीचे कामही नकोसे होते.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनी दर ठरवताना आणखी एक भान ठेवावे. आठवड्यात ४० तास काम केले तरी ग्राहक शोधणे, पत्रव्यवहार, हिशेब यांचा मोबदला कोणी देत नाही. सहाव्या टप्प्यातील नोंदींवरून मोबदल्याचे तास २५ निघत असतील, तर हव्या त्या मिळकतीला २५ ने भागावे. ४० ने भागून काढलेला दर तोट्याचा असतो. आजारपण, सुट्टी, विमा आणि कर यांची तरतूदही त्याच दरातून करायची असते.

नोकरीच शोधणाऱ्यांसाठी हा टप्पा सोपा आहे: सुरुवातीचा पगार, तो घरखर्चाला पुरेपर्यंत लागणारी वर्षे, आणि तोवरची तूट कोण भरणार, एवढे लिहिले की झाले. घरच्यांशी बोलणे या टप्प्यावर करावे, कारण आता दाखवायला वही, तीन कामांचे अनुभव आणि आकडे आहेत. आणि विरोध झाला तरी तो आकड्यांवर होतो, आपल्या स्वभावावर होत नाही.

## टप्पा ८: निर्णय, तारीख आणि परतीची वाट

शक्य असेल तिथे उडी मारण्याऐवजी पाय हळूहळू रोवावा. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी अमेरिकेतील माहितीच्या आधारे २०१४ साली दाखवले, की नोकरी सांभाळून उद्योग सुरू करून नंतर पूर्णवेळ त्यात उतरलेल्यांचे उद्योगातून बाहेर पडण्याचे प्रमाण, एकदम नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. दोन्ही डगरींवर पाय ठेवू नये, हा जुना सल्ला येथे काही काळ बाजूला ठेवलेला चालतो.

निर्णय लिहून काढावा, आणि त्यात फेरविचाराची तारीख घालावी. सहा महिन्यांनंतरची तारीख घेणे रास्त ठरते. त्या दिवशी कोणती स्थिती असेल तर पुढे जायचे आणि कोणती असेल तर थांबायचे, हे आजच आकड्यांत लिहावे: अमुक इतकी मिळकत, परत येणारे अमुक इतके ग्राहक, राखीव रक्कम अमुक इतक्या खाली नाही. अडचणीत सापडल्यावर निकष ठरवायला बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. जुन्या नोकरीतून निघताना काम नीट हवाली करावे आणि वरिष्ठांशी सलोख्याने निरोप घ्यावा. परतीची वाट बहुधा त्याच दाराने जाते.

सावधान: फेरविचाराच्या तारखेआधी आलेल्या एका वाईट आठवड्यावरून निर्णय फिरवू नये, आणि तारीख उलटल्यावर ‘आणखी एक महिना पाहू’ असे तिसऱ्यांदा म्हणू नये.

## प्रयोग फसला तर कुठून सुरू करावे

पाचव्या किंवा सहाव्या टप्प्यावर एखादे काम बाद झाले, तर वही फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. दुसऱ्या टप्प्यातील वाक्ये कायम राहतात; तिसऱ्या टप्प्यावर परत जाऊन यादीतील पुढचे काम उचलावे. तिन्ही कामे बाद झाली, तर मात्र ती वाक्येच एकदा तपासावीत. त्यांत क्रियेच्या जागी विषय शिरला असण्याची शक्यता बरीच असते.

आणि सहाव्या टप्प्याने असे दाखवले की पैसा आणि मुदत जोडल्यावर ते काम आपल्याला जाचते, तर त्याला व्यवसायाबाहेर ठेवावे. अशा वेळी आहे त्याच नोकरीत आवडत्या क्रियेचे प्रमाण वाढवता येते का, ते पाहावे. ज्याला समजावून सांगणे आवडते त्याने नव्या सहकाऱ्यांना शिकवण्याची जबाबदारी मागून घ्यावी; ज्याला मांडणी आवडते त्याने विभागाचे अहवाल स्वतःकडे घ्यावेत. वरिष्ठांकडे जाताना आपल्याला काय आवडते ते सांगत बसू नये. आठवड्यातले दोन तास, एक ठराविक काम आणि तीन महिन्यांची मुदत, असा लेखी प्रस्ताव न्यावा, आणि बदल्यात आपण कोणते काम सोडू इच्छितो व ते कोण करील, हेही त्यातच लिहावे.